दुसऱ्याच्या दुःखाचं गाणं आपल्याला हलकं का करतं?

प्रश्न : मी राहुरी तालुक्यातली, पुण्यात शिकायला आहे. मागच्या सुट्टीत घरी येताना मैत्रिणीनं सुचवलेला एक इंग्रजी अल्बम एसटीत ऐकला. माउंट ईरी या अमेरिकन इंडी गायकाचा 'अ क्रो लुक्ड ॲट मी'. बायको कॅन्सरनं गेल्यावर नवऱ्यानं केलेली ही गाणी आहेत. सुपे मागे पडलं तेव्हा लावला, गाडी नगरच्या माळीवाडा स्टँडला लागेपर्यंत संपला. तेवढा वेळ डोळ्यांचं पाणी थांबलं नाही. शेजारच्या मावशींनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. मला लाज वाटली, पण उतरले तेव्हा मन मोकळं झालं होतं. माझे आजोबा जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्यांच्या वेळी मी अशी रडले नव्हते. अल्बमच्या नावात कावळा आहे, तो ऐकताना आजोबांचा दहावा मात्र सारखा आठवत होता.

माझे चार प्रश्न आहेत. ज्याला मी ओळखत नाही अशा माणसाच्या दुःखानं मला हलकं का वाटलं? घरातलं इतकं खाजगी दुःख त्यानं बाजारात आणलं आणि मी ते ऐकून बरं वाटून घेतलं, यात काही चुकतंय का? आपल्या मराठीत, आपल्या भागात असं काही आहे का? आणि आई म्हणते, असली रडकी गाणी ऐकू नको, मन खचतं. तिचं ऐकू का?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : तुमचे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तरी एकेक घेऊ. त्याआधी, ज्यांनी हा अल्बम ऐकला नाही त्या वाचकांसाठी थोडी ओळख.

माउंट ईरी म्हणजे फिल एल्व्हरम हा एकच माणूस. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ॲनाकोर्टेस या समुद्रकाठच्या गावचा. पूर्वी तो 'द मायक्रोफोन्स' या नावानं गाणी करायचा. २००१ मधला त्याचा 'द ग्लो पार्ट टू' हा अल्बम इंडी रॉक ऐकणारे आजही शोधून ऐकतात. इंडी म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या जिवावर न चालणारं संगीत. एल्व्हरम तर आपले अल्बम स्वतःच्याच छोट्या कंपनीतर्फे काढतो. त्याची बायको जनव्हिएव्ह कास्त्रे कॅनडातल्या क्युबेकची, चित्रकथा काढणारी आणि स्वतः गाणारीही. २०१५ मध्ये दोघांना मुलगी झाली आणि चार महिन्यांत जनव्हिएव्हला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं कळलं. ९ जुलै २०१६ ला ती गेली. वय ३५.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत एल्व्हरमनं ही अकरा गाणी केली. ज्या खोलीत ती गेली त्याच खोलीत बसून, बहुतेक तिच्याच वाद्यांवर, शब्दसुद्धा तिच्याच कागदांवर लिहून. २४ मार्च २०१७ ला अल्बम आला. आवाज बोलल्यासारखा, गिटार हळू, तालवाद्य नावापुरतं. पहिल्याच गाण्यात एक प्रसंग आहे. बायको जाऊन आठवडा झालाय आणि दारात तिच्या नावाचं पार्सल येतं. आत मुलीसाठी एक दप्तर. मुलगी अजून दीड वर्षाचीच आहे, पण एक दिवस ती शाळेत जाईल आणि तेव्हा आपण नसू, हे ओळखून आईनं ते कुणाला न सांगता मागवून ठेवलेलं. नवरा पायरीवर बसून रडतो. एवढंच. त्या दप्तराला तो कसलाही अर्थ चिकटवत नाही, त्यातून शिकवण काढत नाही. दप्तर आलं, एवढं सांगतो आणि पुढं जातो.

अनोळखी माणसाच्या दुःखानं हलकं का वाटलं?

हा प्रश्न फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, त्यांतल्या करुणाचा स्थायीभाव शोक. मग शोक पाहायला माणसं तिकीट काढून का जातात? चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पण' लिहिणाऱ्या विश्वनाथानं याला सरळ उत्तर दिलं. करुण रसातून खरोखरच दुःख होत असतं, तर त्याच्याकडे कुणी फिरकलंच नसतं; लोक पुन्हा पुन्हा येतात याचा अर्थ त्यांना तिथं सुख मिळतं. त्याच्याही आधी, नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास, भट्टनायकानं त्यामागची क्रिया सांगितली होती, साधारणीकरण. रंगमंचावरचं दुःख रामाचं किंवा सीतेचं राहत नाही. नाव-गाव गळून पडतं, उरतो तो शोक, आणि तो शोक पाहणारा आपला म्हणून घेतो.

आजच्या प्रयोगशाळांतली उत्तरंही यापासून फार लांब नाहीत. लीला तारुफी आणि स्टेफान कोल्श या संशोधकांनी २०१४ मध्ये ७७२ जणांना विचारलं, उदास संगीत ऐकून तुम्हाला काय होतं? सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर 'दुःख होतं' असं नव्हतं. मागच्या दिवसांची ओढ लागते, जुनं आठवून जीव भरून येतो, असं लोकांनी सांगितलं. योना वुओस्कोस्की आणि तुओमास ईरोला या दोघांनी २०१७ मध्ये दाखवलं की उदास गाण्यातून मिळणारं सुख उदासीतून थेट येत नाही. मन हेलावतं, आणि त्या हेलावण्यातून ते येतं. डेव्हिड ह्युरन यांनी २०११ मध्ये प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची कल्पना मांडली होती. खोट्या दुःखानंही शरीर सांत्वनाचं रसायन सोडतं आणि खरी हानी झालेली नसल्यानं तेवढा आराम शिल्लक राहतो, अशी. कल्पना सुंदर आहे, सिद्ध मात्र झालेली नाही.

पण तुमच्या बाबतीत मला यापेक्षा जवळचं कारण दिसतं, आणि ते तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. कावळा.

आपल्याकडे माणूस गेल्यावर घरातल्या तरुण मुलींना रडायला वेळच कुठं मिळतो? पाहुण्यांचा चहा, आल्या-गेल्यांची जेवणं, दहाव्याची तयारी, तेराव्याचा स्वयंपाक. तुम्ही त्या दिवसांत स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामध्येच फिरत असणार. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून सगळे लांब उभे राहतात. कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढं येऊन गेलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलू लागतो. विहिरीचं काम पुरं करू, धाकटीचं शिक्षण थांबवणार नाही, भावाभावांत भांडणार नाही. ज्यांनी जन्मात एकमेकांना दोन मायेचे शब्द सांगितलेले नसतात, ते त्या घाटावर शंभर माणसांदेखत मेलेल्या बापाशी बोलतात. कावळा शिवला की सगळ्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरतं. प्रवरेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता अल्बमचं शेवटचं गाणं आठवा. बाप झोपलेल्या मुलीला पाठीवर घेऊन रानातून चालला आहे आणि एक कावळा त्यांच्या सोबत उडतो आहे. मुलगी झोपेतच कावळ्याचं नाव पुटपुटते. बाप विचारतो, स्वप्नात कावळा दिसतोय का? आणि म्हणतो, ती तिथं होती. एल्व्हरमला आपला दहावा ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्हाला मात्र तो पुरता ठाऊक होता. घाटावर तुम्हाला आजोबांशी काय बोलायचं होतं आणि राहून गेलं, ते या गाण्यानं बाहेर काढलं. दप्तराच्या जागी तुमच्या मनात आजोबांची कुठली वस्तू आली असेल, तुम्हालाच माहीत. रडू त्या वस्तूचं होतं. त्या परक्या माणसानं तुम्हाला तेवढी जागा करून दिली, म्हणून हलकं वाटलं.

खाजगी दुःख बाजारात आणलं, ते ऐकून बरं वाटणं चुकीचं नाही का?

हा प्रश्न एल्व्हरमनं स्वतःला सर्वांत आधी विचारला. मरण खरं असतं, ते गाण्याबिण्यासाठी नसतं, अशा अर्थाच्या बोलण्यानंच त्याच्या पहिल्या गाण्याची सुरुवात होते. तरीही तो गातो. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, आलेल्या 'नाऊ ओन्ली' या अल्बममध्ये तो सांगतो की ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका महोत्सवात, मजेसाठी जमलेल्या तरुण गर्दीपुढं, आपण बायकोच्या मरणाची गाणी गायलो आणि ते किती विचित्र होतं. ती टोचणी त्यानं लपवली नाही, तिचंही गाणं केलं. म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दुसरी बाजूही ऐकता येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात, याकोबीकेर्क या जुन्या चर्चमध्ये त्यानं ही गाणी गायली. ते ध्वनिमुद्रण '(आफ्टर)' या नावानं निघालं आहे. समोर भरलेली सभा, एक माणूस आणि एक गिटार. गाणी चालू असताना लोक ज्या तऱ्हेनं गप्प आहेत ती तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. कुणी मध्येच दाद देत नाही. मजा लुटायला आलेली माणसं अशी बसत नाहीत.

आणि कच्चेपणाविषयी एक गोष्ट. असं दुःख जसंच्या तसं ओतलेलं वाटतं, पण जसंच्या तसं ओतलं तर ते दुसऱ्याला ऐकवत नाही. हुंदका सुरात बसत नाही. एल्व्हरमच्या मागे गाणी ध्वनिमुद्रित करण्याची वीसेक वर्षं होती. आवाज चढवायचा नाही, वाद्यं वाढवायची नाहीत, उपमा वापरायची नाही, तारखा आणि वस्तू मात्र नेमक्या सांगायच्या, हे त्यानं ठरवलेलं आहे. तुम्हाला जे उघडंवाघडं वाटलं ते अतिशय जपून मांडलेलं आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या घरात शिरल्याचा संकोच तुम्हाला ऐकताना आला नाही, नंतर आला.

याचं मराठी उदाहरण तुमच्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. नवरा, म्हणजे नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर घर तुटलं. सनातनी माहेर, दूर गेलेला नवरा, मधली एकटेपणाची वर्षं, मग नवऱ्याकडे जाणं आणि नगर-राहुरीच्या बाजूचा संसार. कुठल्याही बाईनं चार भिंतींत ठेवलं असतं असं सगळं या बाईनं साध्या बोलीत लिहून टाकलं. वाचकांनी त्यात चव्हाट्यावर आणलेलं भांडण पाहिलं नाही. सर्व धर्मांच्या मराठी घरांनी हे पुस्तक आपलं म्हणून घेतलं, आजही घेतात. सांगणाऱ्यानं स्वतःला सोडून इतरांवर चिखल उडवला नाही आणि ऐकणाऱ्यानं तमाशा म्हणून पाहिलं नाही, तर खाजगी दुःख सांगण्यात आणि ऐकण्यात काहीही गैर नाही. तुम्ही दप्तराच्या गोष्टीला रडलात, हसला नाहीत. लाज वाटायचं कारण नाही.

मराठीत, आपल्या भागात असं काही आहे का?

आहे, आणि ते फार मोठं आहे. सगळंच अल्बम म्हणून निघालं नाही एवढंच.

सर्वांत आधी जात्यावरची ओवी. पहाटे, उजाडायच्या आत, दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायच्या. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एक हात सोडून मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे, पुन्हा खुंटा धरायचा. एकीनं ओवी धरली की दुसरी ती उचलून धरायची, मग आपली जोडायची. घरात बाकी सगळे झोपलेले. दिवसभर ज्या बाईच्या तोंडून सासूबद्दल अवाक्षर निघत नसे ती या वेळी माहेर, मेलेलं लेकरू, नवऱ्याचा मार, भावानं फिरवलेली पाठ, सगळं बोलायची. सीतेचा वनवास हा तर या ओव्यांचा आवडता विषय. सीतेच्या नावानं स्वतःचं सांगता यायचं. कित्येक ओव्यांत भावाचं नाव, गावाचं नाव, गाणारीचं स्वतःचं नाव येतं. एल्व्हरमनं तारीख आणि दप्तर जसं नेमकं सांगितलं तसंच.

या ओव्या जपायला माणसं पुढं आली. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये त्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकगीतांच्या संकलनात आयुष्य घातलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या मिळवल्या. पुढं बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या. 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या ओव्या मार्च २०१७ पासून लोकांसमोर आणू लागली. तुमचा अल्बम निघाला तोच महिना. त्या ध्वनिफिती ऐका. काहींत जात्याची घरघर आहे, मागं कोंबडा आरवतो, आवाज मध्येच फाटतो आणि बाई तशीच पुढं गाते.

त्या ओवीत मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरी बाई. ती काही समजावत नाही, 'जाऊ दे गं' म्हणत नाही. तिचा हात त्याच खुंट्यावर असतो आणि सूर तिच्या हातात असतो. पहिलीचा गळा दाटला तर जातं थांबत नाही, कारण दुसरी ओढत राहते. दुःखाच्या गाण्याला असा ऐकणारा लागतो. तुमच्या एसटीतल्या मावशींनी काही न विचारता पाणी दिलं, त्या क्षणापुरत्या त्या खुंट्यावर होत्या.

दुसरं नाव नामदेवांचं. कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत तो सगळा प्रसंग आहे. ज्ञानेश्वर योगी होते, हा शोकाचा प्रसंग नव्हे, असं म्हणून हे अभंग थांबत नाहीत. निवृत्ती, सोपान, मुक्ताई या भावंडांचं आणि जमलेल्या संतांचं कळवळणं ते उघड सांगतात. गुरू असलेला थोरला भाऊ आपल्याच शिष्याच्या, धाकट्या भावाच्या समाधीची शिळा लावतो. पुढच्या काही महिन्यांत उरलेली भावंडंही एकेक करून गेली. दरवर्षी कार्तिकीला आळंदीत हा प्रसंग कीर्तनातून सांगितला जातो आणि ऐकणारी माणसं पदरानं, उपरण्यानं डोळे पुसतात. सातशेहून अधिक वर्षं झाली, तरी त्यांना ते दुःख शिळं वाटलेलं नाही. कीर्तन संपलं की तीच माणसं टाळ घेऊन नाचतात. दोन्ही एकाच दिवशी होतं.

त्याच ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली ती नेवाशात, तुमच्या राहुरी तालुक्यातून पुढं वाहणाऱ्या प्रवरेच्या काठी. तिथल्या पैस खांबाचं दर्शन तुम्ही घेतलं असेल. एवढा मोठा ज्ञानग्रंथ सांगणाऱ्यानं विराण्याही रचल्या, एका विरहात जळणाऱ्या बाईच्या तोंडून. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या, लताबाईंनी त्या गायल्या, आणि देवळात न जाणारी माणसंही त्या रात्री एकट्यानं ऐकतात. ज्ञान झालं म्हणून तळमळ सांगायची लाज वाटली पाहिजे, असं आपल्या परंपरेनं कधी मानलं नाही.

आणि आजचं उदाहरण हवं असेल, तर नगरजवळच्या अकोळनेरात घडणारा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. २०१३ चा हा चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात लागला. कैकाडी घरातला जब्या, त्याची शाळा, शालूवरचं त्याचं मुकं प्रेम आणि गावानं सांगितल्यावर घरच्यांबरोबर डुकराच्या मागं धावण्याची त्याच्यावर आलेली पाळी. चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी केलेलं गाणं आठवून पाहा. अजय गोगावलेंचा आवाज त्यात गोड व्हायचं नाकारतो, घसा सोलून निघावा तसा लागतो. शेवटी जब्यानं फेकलेला दगड थेट पडद्यातून आपल्या अंगावर येतो, आणि चित्रपट तिथंच संपतो. थिएटरमधून बाहेर पडताना कित्येक जण एकमेकांशी बोलत नव्हते. इथं दुःखात राग मिसळलेला आहे, आणि ऐकणाऱ्याची सुटका नुसत्या रडण्यानं होत नाही. हे दुःख काही अंशी आपणच दिलेलं आहे, हे त्याला कळतं. एल्व्हरमचा अल्बम आपल्याकडून ऐकण्यापलीकडे काही मागत नाही. 'फँड्री' मागतो. उघड्या दुःखाच्या कलेत हाही एक मोठा प्रकार आहे, आणि आपल्या जिल्ह्याच्या गावगाड्यातून तो आलेला आहे, हे नगरकरांनी विसरू नये.

आईचं ऐकू का?

आईचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या सँड्रा गॅरिडो आणि एमरी शूबर्ट यांनी उदास गाण्यांवर बरंच काम केलं आहे. त्यांना असं दिसलं की सर्वांना ही गाणी सारखी लागू पडत नाहीत. ज्यांना एकच विचार मनात घोळवत बसायची सवय असते त्यांचं मन उदास गाण्यांनी आणखी खाली जाऊ शकतं. आणि गंमत अशी की तीच माणसं 'मला यानं बरं वाटतं' असंही सांगतात. म्हणून नुसतं 'मला बरं वाटतं' यावर भरवसा ठेवू नका. गाणं संपल्यावर काय होतं ते पाहा. जेवण जातं का, झोप लागते का, कुणाशी बोलावंसं वाटतं का? तुमच्या पत्रावरून तरी तुम्ही उतरलात, मोकळं वाटलं आणि मग प्रश्न विचारायला लेखणी उचललीत. हे चांगल्या ऐकण्याचं लक्षण आहे. पण तेच गाणं रात्र रात्र फिरवत राहावंसं वाटलं, माणसं नकोशी झाली, सकाळी उठण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर अल्बम बाजूला ठेवा आणि घरच्यांना सांगा. १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. तिथं फोन करण्यात कमीपणा नाही.

आईच्या म्हणण्यातलं उरलेलं अर्धं मात्र मला मान्य नाही. रडकं गाणं माणसाला दुबळं करतं हे खरं असतं, तर पहाटे ओव्या गाऊन दिवसभर रानात राबणाऱ्या बायका उभ्या राहिल्या नसत्या. दुःखाच्या गाण्यानं मन खचत नाही. ते कायम एकट्यानं ऐकत राहिलं तर खचतं. घाटावर शंभर माणसं असतात, जात्यावर दुसरी बाई असते, आळंदीला अख्खा मंडप असतो. इअरफोनमध्ये कुणी नसतं. म्हणून तुमच्यासाठी माझं सांगणं एवढंच. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाण्यांचा क्रम न मोडता ऐका, पण तुमच्याबरोबर कुणी तरी असू द्या. मैत्रीण चालेल. आई असेल तर सर्वांत उत्तम. तिला इंग्रजी कळत नसेल तर दप्तराची गोष्ट आधी सांगा आणि मग पहिलं गाणं लावा. मग आजोबांविषयी बोला. ते तिचे वडील किंवा सासरे होते, आणि त्या तेरा दिवसांत तिलाही रडायला वेळ मिळाला नसेल.

या अंकाच्या इतर वाचकांनाही एक विनंती. तुमच्या घरात, गल्लीत, वस्तीवर कुणाला दुःखाच्या ओव्या येत असतील, तर त्यांच्या परवानगीनं त्या फोनवर ध्वनिमुद्रित करा. गाणारीचं गाव आणि ती ओवी कुणाकडून शिकली ते लिहून ठेवा. नेवासा, पाथर्डी, अकोले, जामखेड, कुठल्याही तालुक्यातून आम्हाला पाठवा. ज्या येतील त्यांतल्या निवडक ओव्यांवर पुढच्या एखाद्या उत्तरात सविस्तर लिहू.